आत्याआजीचं घर: ठेवायचं, विकायचं की पडू द्यायचं?

सुरंगी | २४ मे, रात्री १०:१५

मंडळी, पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला होते. एका रविवारी तिनं केंटमधल्या स्मॉलहाइथ नावाच्या खेड्यात नेलं. तिथं एलन टेरी या नटीचं घर जपून ठेवलंय. हेन्री आयर्व्हिंग या नटाबरोबर लंडनच्या लायसियम थिएटरात वीसेक वर्षं शेक्सपिअरच्या नायिका केलेली ही बाई. १८९९ साली तिनं हे घर घेतलं आणि १९२८ साली तिथंच डोळे मिटले. घर सोळाव्या शतकातलं, लाकडी चौकटीचं. एके काळी तिथं जहाजं बांधत, आता नदी गाळानं भरून लांब सरकलीय आणि मेंढ्या चरतात. मला आपल्या खाड्याच आठवल्या.

तिच्या मुलीनं, एडिथ क्रेगनं, आई गेल्यावर वर्षभरातच घर लोकांना पाहायला खुलं केलं. आवारातल्या गवती छपराच्या कोठारात छोटं नाट्यगृह केलं. १९३९ मध्ये सगळं नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुनी घरं जपणाऱ्या तिथल्या संस्थेच्या, हवाली केलं. तिथला मुख्य ऐवज म्हणजे १८८८ सालचा लेडी मॅकबेथचा हिरवा पोशाख. त्यावर सुमारे हजार सोनकिड्यांचे पंख शिवलेत. खरेखुरे! मी त्या काचेसमोर उभी राहिले आणि डोळ्यांसमोर आली ती आमच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक.

तर आता खरी गोष्ट. माझ्या वडिलांची मोठी आत्या नाटकात होती. फिरत्या कंपन्यांत बरीच वर्षं काढली, मग मुंबईत. घरात कुणी विचारलं तर ‘ती मुंबईला शिवणकाम करते’ असं सांगायची पद्धत होती. म्हातारपणी तिनं स्वतःच्या पैशानं गुहागर तालुक्यात, आमच्या मूळ घरापासून दोन कुंपणं सोडून, छोटं घर बांधलं. ओटी, माजघर, स्वैपाकघर, मागं पडवी. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. लग्न केलं नाही. शेवटची वर्षं गावातल्या मुलींना पडवीत नाटकं शिकवायची. ती जाऊन तीस वर्षं होतील. घर बंद आहे. आता चुलतभावांना विकायचंय, एका रिसॉर्टवाल्यानं विचारलंय.

माझा प्रश्न: आपल्या किनाऱ्यावर एखाद्या नटीचं घर कुणी जपलेलं पाहिलंय का? आणि जी गाजलेली नव्हती तिचं घर जपावं का?

फणसपोळी | २४ मे, रात्री १०:३२

शिवणकाम!!! आमच्याकडे एक काकू ‘नर्स’ होत्या. पुढं कळलं, तमाशा थिएटरात पेटी वाजवायच्या.

आठ_अ | २४ मे, रात्री ११:०५

भावनेच्या आधी कागद. घर कुणाच्या नावावर आहे?

सुरंगी | २४ मे, रात्री ११:११

जमीन आजोबांच्या नावे होती, आता सातबाऱ्यावर सतरा नावं. घरपट्टीची पावती मात्र आत्याआजीच्या नावानं येते. अजूनही!

आठ_अ | २४ मे, रात्री ११:४०

म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला तिचं नाव. तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. (आणि कृपया नमुना ८ आणि तलाठ्याकडचा जमिनीचा आठ-अ एक समजू नका. माझं नावच त्या गोंधळातून पडलंय.) बाई अविवाहित, मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही असं धरलं, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं तिचा हिस्सा आईवडिलांकडे आणि त्यांच्यामागं वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे तुम्हा सतरा जणांकडेच फिरून येतो. सगळ्यांच्या सह्या झाल्या तर विक्री, तसंच सगळ्यांच्या सह्या झाल्या तर ट्रस्ट. सतरातला एक जण कॅनडात आणि एक जण रुसलेला असतो, हा माझा अनुभव.

सुरंगी | २५ मे, सकाळी ७:०२

कॅनडा नव्हे, मस्कत. रुसलेले दोन आहेत.

भाटकार | २५ मे, सकाळी ९:२०

नटीचं घर जपलेलं विचारता? आमच्या गोव्यात तर ते पाण्याखाली आहे. सांगे तालुक्यातलं कुर्डी. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. त्यांना आपण गायिका म्हणून ओळखतो, किशोरीताईंच्या आई म्हणून ओळखतो, पण त्यांची सुरुवात नाटक कंपनीत झाली. लहान वयात चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी, नंतर सातारकर स्त्री संगीत मंडळी. साळावली धरणाच्या पाण्यात १९८६ च्या सुमारास गाव गेलं. दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की जोती, पायऱ्या, विहिरींचे कठडे वर येतात. जुने गावकरी जमतात, सोमेश्वराच्या देवळात उत्सव करतात आणि पावसाबरोबर परत सगळं खाली.

मी गेल्या आठवड्यातच जाऊन आलो. चिखल वाळून भेगाळलेला, मधे लाल चिऱ्यांच्या रेघा. कुणाचं माजघर, कुणाचा गोठा ते म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात. एक आजी नातवाला सांगत होती, ‘हंगा तुळस आशिल्ली.’ त्यापुढं मला काचेतलं संग्रहालय जरा कोरडंच वाटतं, सांगू का.

नथीचा_आकडा | २५ मे, सकाळी १०:०१

@भाटकार, छान लिहिलंत. पण ‘कोरडं’ म्हणजे शिवी नव्हे हो! मी वस्त्रांच्या जतनाचं काम करते. आमच्या धंद्यात कोरडेपणासाठीच सगळा खटाटोप असतो.

@सुरंगी, ट्रंक उघडलीत का? त्यात काय आहे?

सुरंगी | २५ मे, दुपारी १:१५

परवा उघडली. वर दोन शालू, एकाची जर काळी पडलेली. गंगावन (मी उंदीर समजून किंचाळले). बांगड्यांचा डबा. रंगाचा पत्र्याचा डबा, आत पिवळट-पांढऱ्या पुड्या आणि लाल खडा. तळाशी वह्या, त्यांना बुरशीचा वास येतोय. सगळं बाहेर काढून अंगणात उन्हात घालणार होते, पण म्हटलं आधी इथं विचारावं.

नथीचा_आकडा | २५ मे, दुपारी १:१९

थांबा!!! उन्हात घालू नका. सविस्तर लिहिते.

रंगाच्या डब्याला उघड्या हातानं शिवू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. पिवळट पूड बहुधा मुर्दाडशिंग. ते शिशाचं संयुग आहे. पांढऱ्या सफेद्यातही शिसं असू शकतं आणि लाल खडा हिंगूळ असेल तर त्यात पारा. आपली जुनी नटमंडळी वर्षानुवर्षं हे तोंडाला फासून रात्र रात्र उभी राहायची. डबा बंद करा, पिशवीत घाला, वर चिठ्ठी लावा.

शालू: बाहेर हवेत न्या पण सावलीत. डांबराच्या गोळ्या कपड्याला टेकू देऊ नका. मांजरपाट दोनतीनदा धुऊन खळ काढा, सुकवा आणि त्यात गुंडाळा. घडी घालू नका, जर घडीवरच तुटते. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर कापड लपेटून त्यावर शालू गुंडाळला तर उत्तम. प्लास्टिक नको, कोकणातल्या जुलैत आत घाम धरतं. कसर दिसली तर कापड पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे.

तुम्ही पाहिलेल्या त्या पोशाखाची खोली अंधारी होती ना? कापडाला ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड देत नाहीत. आपल्या ओटीवर दुपारी त्याच्या कित्येक पट असतो.

फणसपोळी | २५ मे, दुपारी १:४०

डीप फ्रीझरमध्ये सुरमई आहे. शालूला वास लागेल की सुरमईला जर?

मी_चिपळूणचा | २५ मे, दुपारी ४:३०

एक वेगळं मत मांडतो, राग मानू नये. गावच्या शाळेचं छप्पर गळतंय, डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो आणि आपण कुणा न गाजलेल्या बाईच्या घराचं संग्रहालय करायला निघालो. गुहागरला येणारा माणूस समुद्र, व्याडेश्वर आणि जेवण या तीन गोष्टींसाठी येतो. तिकीट कोण काढणार? नॅशनल ट्रस्टची गोष्ट वेगळी, १८९५ सालची संस्था, पन्नास लाखांवर सभासद. आपल्याकडे सभासद म्हटला की सत्यनारायणाची वर्गणी.

बरं, वस्तू एखाद्या मोठ्या ठिकाणी द्याव्यात म्हटलं तर तेही निर्धोक नाही. आमच्या चिपळुणात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासून आहे. २००५ चा पूर पाहिला आणि २२ जुलै २०२१ चाही. पुस्तकांचा लगदा हातानं उचललाय मी. तेव्हापासून ‘जतन’ शब्द ऐकला की आधी ‘पाणी कुठवर येतं?’ हेच विचारतो.

पायपेटी | २५ मे, रात्री ८:५०

चिपळूणकर, तुमचा पाण्याचा बरोबर आसा, पण तिकिटाचा नाय पटला. आमच्या कुडाळ-वेंगुर्ल्याकडे दशावताराक तिकीट खय आसता? रात्रभर जत्रेत देवळासमोर लोक बसतत. एक बाक, मागे पडदो, बस. सगळो संसार पेटाऱ्यात. पेटाऱ्याची पूजा केल्याशिवाय खेळ उभो रवत नाय. आमचा संग्रहालय म्हणशात तर तो पेटारोच. फिरता आसा म्हणान जिवंत आसा. घरात बंद केल्यात तर वाळवीच खातली.

आणि नटी म्हणशात तर आमच्याकडे स्त्रीपार्टी पुरुषच करतत. माझो काको चाळीस वर्षां राणी झालो, घराक येऊन गुरां सोडी. त्येच्या घराचा म्युझियम करूचा काय गोठ्याचा?

सुरंगी | २५ मे, रात्री ९:०५

पायपेटी, दोन्हीचं करा. तिकीट मी काढते.

चिरेखाण | २६ मे, सकाळी ६:१०

बांधकामावर मी बोलतो, तीस वर्षं हेच करतोय. कोकणात बंद घर साधारण तीन पावसाळे काढतं. पहिल्या वर्षी एक कौल सरकतं. दुसऱ्या वर्षी त्याखालची रीप कुजते, तिसऱ्या वर्षी वासा. मग पाणी भिंतीच्या माथ्यावर. आतल्या मातीच्या दर्ज्या धुपल्या की चिरा शाबूत राहूनही भिंत बसते. तुमचं घर तीस वर्षं उभं आहे म्हणजे कुणीतरी दर वर्षी कौलं परततंय. कोण?

दुसरं, भिंतींना बाहेरून सिमेंट थापू नका. जांभा ओल घेतो आणि सोडतो. सिमेंटनं तोंड बंद केलं की ओल आत राहते आणि गिलावा पोपडे धरून पडतो. चुना वापरा. लाकूड कसलं आहे ते कळवा.

सुरंगी | २६ मे, सकाळी ८:४४

चिरेखाण, तुमचा प्रश्न वाचून गावी फोन केला. कौलं कोण परततं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं! मूळ घरचे म्हणाले, तुम्ही पैसे पाठवत असाल. आम्हाला वाटत होतं ते करतात. शेवटी कळलं, शेजारची एक आजी मुलाला सांगून दर मे महिन्यात कौलं नीट करून घेते. लहानपणी आत्याआजीच्या पडवीत नाटकं केलेली मुलगी ती. आता ऐंशीच्या पुढं. पैसे कुणी दिले नाहीत, तिनं मागितले नाहीत.

मला कसंतरीच झालं. आम्ही सतरा वारस.

लाकूड फणसाचं, वासे किंजळाचे म्हणतात.

भाटकार | २६ मे, सकाळी ९:३०

मग उत्तर मिळालं की. एलन टेरीचं घर तरी का राहिलं? लेक जवळ होती म्हणून.

सुरंगी | २६ मे, सकाळी ९:४८

हो, एडिथ त्याच आवारातल्या शेजारच्या घरात राहायची, १९४७ मध्ये जाईपर्यंत. आईच्या स्मृतिदिनाला दर वर्षी कोठारात नाटकाचा प्रयोग व्हायचा.

विंगेतला | २६ मे, दुपारी १२:००

धागा वाचतोय. एक तक्रार: ‘मराठी रंगभूमीवर बायका १९३३ साली आल्या’ असं कुणी लिहायच्या आत सांगून ठेवतो, नाट्यमन्वंतर या संस्थेच्या नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या ते मोठंच वळण होतं (त्याही गोव्याच्या, बांदिवड्याच्या), पण त्याआधी संपूर्ण बायकांच्या मंडळ्या होत्याच. भाटकारांनी सातारकर मंडळींचं नाव घेतलंय, बेळगावकर स्त्री संगीत मंडळीही होती. त्यात बायका पुरुषांच्या भूमिका करायच्या. त्या मंडळ्यांतल्या बहुतेक जणींची नावंही राहिली नाहीत. मग घरं कुठली राहणार? कंपनीचं बिऱ्हाड हेच घर. आज मिरज, उद्या हुबळी.

म्हणून सुरंगी, ‘जी गाजलेली नव्हती’ हे कारण उलटं वाचा. गाजलेल्यांचे फोटो, रेकॉर्डी, चरित्रं असतात. हिचं फक्त घर आणि ट्रंक आहे. त्या तळच्या वह्या कसल्या आहेत?

सुरंगी | २६ मे, दुपारी १२:२५

उघडायला भीती वाटते, पानं चिकटलीत. एका पानावर दिसलं ते असं: दोनतीन शब्द, मग टिंबं, मग मोठा उतारा. पुन्हा दोनतीन शब्द, टिंबं. अर्थ लागेना.

विंगेतला | २६ मे, दुपारी १२:२७

नकला आहेत त्या!!!

पूर्वी नटाला अख्खं नाटक देत नसत. त्याची ‘नक्कल’ लिहून द्यायचे, म्हणजे फक्त त्याची वाक्यं आणि समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोनचार शब्द, ते ऐकले की आपण सुरू करायचं. टिंबं म्हणजे दुसऱ्याचं बोलणं. देवाशप्पथ त्या वह्या जपा, घर गेलं तरी चालेल.

चिरेखाण | २६ मे, दुपारी १२:५०

घर गेलं तर वह्या कुठं ठेवणार, तुमच्या फ्लॅटच्या लॉफ्टवर?

मी_चिपळूणचा | २६ मे, दुपारी १:१०

लॉफ्टवर पाणी तरी येत नाही.

नथीचा_आकडा | २६ मे, दुपारी १:३०

चिकटलेली पानं ओढू नका. आता पाऊस तोंडावर आहे. वह्या तशाच धुतलेल्या मलमलीत गुंडाळून कोरड्या कपाटात उंचावर ठेवा आणि चार महिने विसरा. ऑक्टोबरच्या उन्हात हवा कोरडी झाली की बघू. तेव्हा आठवण करा, मी मदत करेन.

आंबोशी | २६ मे, संध्या. ६:००

मालगुंडचं केशवसुतांचं घर पाहिलंय का कुणी? कोकणात असं होत नाही म्हणणाऱ्यांसाठी विचारते. १९९४ पासून स्मारक आहे, गणपतीपुळ्याला आलेली शाळेची सहल तिथं हमखास जाते. रत्नागिरीत टिळकांचं जन्मघर आहे. थिबा राजवाडा आहे, ब्रह्मदेशाच्या राजाला १९१० साली बांधून दिलेला, आज तिथं संग्रहालय आहे. म्हणजे कवी, पुढारी आणि कैद केलेला राजा, तिघांची सोय झाली. बाई कुठं आहे यात?

फणसपोळी | २६ मे, संध्या. ६:०९

बाई मागच्या पडवीत.

(धागा इथं साडेचारेक महिने झोपला होता. मधे रिसॉर्टवाल्यांवर वाद झाला तो व्यवस्थापकांनी वेगळ्या धाग्यावर हलवलाय.)

सुरंगी | १२ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मंडळी, परत आले. कुणाला आठवतंय का?

गणपतीत सतरातले अकरा जण गावी आले होते. आरती, उकडीचे मोदक, मग बैठक. मी आठ_अ यांचं सगळं पाठ करून गेले होते. ट्रस्ट वगैरे शब्द काढल्याबरोबर थोरल्या चुलतभावानं हात जोडले. म्हणाला, १९५० चा कायदा, धर्मादाय आयुक्त, दर वर्षी हिशेब, कोण करणार? खोटं नाही ते. मग ठरलं ते एवढंच: दोन वर्षं विकायचं नाही. छपराचा खर्च मी करायचा. मस्कतवाल्यानं फोनवर ‘मी पण अर्धा देतो’ म्हटलं, अजून आले नाहीत. एक रुसलेला मोदक खाऊन बरा झाला, दुसऱ्यानं तेही खाल्ले नाहीत.

परवा नथीचा_आकडा माझ्यासोबत गावी आल्या (किती आभार मानू!). दोन दिवस लावून हाडाच्या सुरीनं पानं सुटी केली. पाच वह्यांतल्या दोन पूर्ण गेल्या, एकीचं पहिलं पानच नाही, दोन वाचता येतात. शेजारच्या आजीला बोलावलं. तिला दिसत नाही नीट, म्हणून मी वाचत होते. मी समोरच्याचे शेवटचे शब्द वाचले आणि थांबले, तर ती टिंबांच्या जागेचं बोलायला लागली! म्हणजे सावित्रीसमोरचा यम, राजासमोरची दासी, काहीही. आत्याआजी मुलींना शिकवायची तेव्हा स्वतःचं काम स्वतः करायची आणि बाकीचं पोरींकडून पाठ करून घ्यायची म्हणे. नथीचा_आकडांनी फोनवर रेकॉर्ड केलं. तिनं निम्मं भलतंच म्हटलं असेल, दोन नाटकांची खिचडीही केली असेल. मधेच थांबून मला म्हणाली, ‘तू फार सपाट वाचतेस, बाई ओरडल्या असत्या.’

विंगेतला | १२ ऑक्टोबर, रात्री ९:३८

मी उद्या निघू का?

पायपेटी | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४५

बगलात? पेटारो उघडलो की खेळ सुरू झालो.

मी_चिपळूणचा | १२ ऑक्टोबर, रात्री १०:०२

तिकीट नको म्हणालो होतो, मत बदललेलं नाही. पण ते रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवा. त्यातलं एक तरी चिपळूणबाहेर.

आठ_अ | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

दोन वर्षांचं तोंडी ठरलंय की लेखी?

सुरंगी | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१८

तोंडी. गणपतीसमोर.

आठ_अ | १२ ऑक्टोबर, रात्री १०:२०

कोर्टात गणपती साक्षीला येत नाही. लेखी करून घ्या.

चिरेखाण | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

शनिवारी गुहागरला काम आहे. छपरावर चढून वासे बघून जातो, पैसे नकोत. शिडी आहे का घरी?

सुरंगी | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

आजीकडे आहे. वरून तिसरी पायरी मोडलीय म्हणाली, तिथं पाय देऊ नका.